पाहणीत आम्ही चाललो, उपचारात का नाही?

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, नैतिकता समिती,
आणि खानदेशातल्या मानसिक आरोग्य प्रकल्पाचे प्रमुख संशोधक

विषय: दुसऱ्या टप्प्यातल्या निवडीच्या तीन अटी

सप्रेम नमस्कार.

संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पत्र तुमच्यासाठी आहे हे तुम्हाला पहिल्या चार ओळींत कळेल, आणि ज्यांना कळणार नाही त्यांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे. आधी दोनदा ई-मेल केला. दोन्ही वेळा 'आपला अभिप्राय नोंदवला आहे' एवढंच उत्तर आलं. म्हणून आता चारचौघांत बोलते.

गेल्या महिन्यात प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचं दीड पानी पत्रक हाती आलं. पहिला टप्पा पाहणीचा होता, कुणाला किती त्रास आहे ते मोजण्याचा. दुसरा उपचाराचा. प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक माणसामागे आठ बैठका घेणार, निम्म्या लोकांना हे समुपदेशन मिळणार, उरलेल्या निम्म्यांना 'नेहमीची सेवा', आणि मग दोन्ही गटांची तुलना. काम चांगलं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पत्रकाच्या शेवटी लहान अक्षरांत तीन अटी आहेत. भाग घेणाऱ्याला मराठी किंवा हिंदी बोलता-वाचता आलं पाहिजे. पुढचे १२ महिने तो त्याच पत्त्यावर राहणारा हवा. आणि त्याच्या स्वतःच्या नावावर मोबाईल हवा, कारण अर्ध्या बैठका फोनवर होणार.

ते वाचलं आणि पहिल्या टप्प्यातली माझी वही काढली. तीत गावांची, पाड्यांची, गल्ल्यांची नावं आहेत. एकेका नावापुढे या तीन अटी लावून पाहिल्या आणि फुल्या मारत गेले. चोपडा-यावल-रावेरच्या जंगलपट्टीतले पावरा-बारेला आदिवासींचे पाडे गेले. तळोद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींतली म्हातारी माणसं गेली. गावाबाहेर पाल ठोकून राहणारे गेले. ऊसतोडीला जाणारे सगळे गेले. बायका तर जवळजवळ सगळ्याच, कारण फोन असतो नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या नावावर. वहीत फुली नसलेली नावं उरली ती तालुक्याच्या गावातली, पक्क्या घरातली.

याच वहीतल्या माणसांच्या आकड्यांवर तुम्ही दुसऱ्या टप्प्यासाठी निधी मागितलात, हे मला माहीत आहे. कारण ते आकडे टॅबमध्ये भरणाऱ्यांतली मी एक होते.

मी यावल तालुक्यातली तडवी. जळगावच्या बाहेर फार जणांना तडवी म्हणजे कोण ते ठाऊक नसतं, म्हणून सांगते. धर्माने मुसलमान, जमातीने भिल्ल. अनुसूचित जमातींच्या यादीत आम्ही आणि पावरा एकाच नोंदीत आहोत. तुमच्या फॉर्मात 'समाज' या रकान्यात मात्र एकच खूण करता येत होती, 'अनुसूचित जमाती' किंवा 'अल्पसंख्याक'. पहिल्याच दिवशी माझ्याच गावात मी अडले. पर्यवेक्षकांना फोन लावला तर ते म्हणाले, कुठलीही एक कर आणि पुढे जा. तेव्हा तुमच्या कोष्टकात आज माझे मोठे काका आदिवासी आहेत आणि त्यांचे सख्खे भाऊ अल्पसंख्याक. घरात यावर खूप हसलो. कोष्टक मात्र तसंच राहिलं.

या कामात मी पैशांसाठी आले हे खरं, पण तेवढ्यासाठीच नाही. माझा धाकटा भाऊ गेल्यानंतर माय तीन वर्षं ओसरीच्या खांबाला टेकून बसली. स्वयंपाक करायची, पण चूल पेटवून तिच्याकडे नुसती बघत राहायची. कुणी विचारलं तर म्हणायची, डोक्यात चक्की फिरते. दर्ग्यावर नेलं, भगताकडे नेलं, दंडाला ताईत बांधला. शेवटी एका सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं आणि गोळ्या दिल्या. त्याच सुमारास शेजारची एक म्हातारी रोज दुपारी येऊन मायला भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसवू लागली. गोळ्यांनी किती फरक पडला आणि शेंगांनी किती, हे मला आजही सांगता येणार नाही. माय उठली, एवढं खरं. आता ती केळीच्या बागेत निंदायला जाते आणि माझ्यावर ओरडते.

त्या तीन वर्षांत माय तुमच्या दुसऱ्या टप्प्यापुढे उभी राहिली असती तर? मराठी तिला वाचता येत नाही. फोन बाच्या नावावर. आणि कापूस वेचायच्या दिवसांत आम्ही घराला कडी घालून दुसऱ्या तालुक्यात राहायचो. तिन्ही अटींत नापास. पाहणीच्या टप्प्यात मात्र तिचा फॉर्म तुम्ही आनंदाने भरून घेतला असता.

आता माझ्या तक्रारी. यातल्या काही माझ्याविरुद्धही आहेत.

पहिली, शब्दांची. नैराश्य मोजायला आम्हाला नऊ प्रश्नांची प्रश्नावली दिली होती, जगभर वापरतात तीच, पीएचक्यू-९. 'गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला उदास, निराश किंवा हताश वाटलं का?' हे तिचं मराठी. शहरातल्या माणसाला हा प्रश्न ठीक आहे. पाड्यावर त्यावर सरळ 'नाही' येतं. उदास वाटणं ही तिथे सांगायची गोष्टच नसते. काळीज धडधडतं, अंगात आग होते, हातापायांतला जोर गेला, डोकं गरगरतं, असं सांगतात. माय 'चक्की' म्हणायची. प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं की शब्द बदलायचा नाही, नाहीतर मोजमाप बिघडतं. मी तो बदलायची. 'दोन आठवडे' ऐवजी 'दोन बाजार' म्हणायची, कारण पाड्यावर दिवस आठवडी बाजाराने मोजतात. 'उदास' ऐवजी 'जीव कशात लागत नाही का' असं विचारायची. दुसरी सर्वेक्षक तिच्या परीने काहीतरी तिसरंच विचारायची. म्हणजे तुमच्या मोजमापात आम्हा सगळ्यांची आपापली पट्टी होती आणि तुम्हाला वाटलं पट्टी एकच आहे.

हे आधी करता येतं. झिंबाब्वेत हरारे शहरात वयस्क बायकांनी दवाखान्याच्या अंगणातल्या बाकावर बसून समुपदेशन केलं, त्याची चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली आणि गुण आल्याचं दिसलं. त्या कामात लोकांच्या तोंडचा शोना भाषेतला शब्द घेतला होता, 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणं. प्रश्नावलीही तिथल्याच लोकांच्या शब्दांतून आधीच घडवलेली होती. मायची चक्की आणि हरारेतला तो शब्द यांत मला तरी फार अंतर दिसत नाही. अंतर आहे ते लोकांना आधी विचारण्यात.

दुसरी गोष्ट सांगताना अजून लाज वाटते. धडगावकडच्या एका पाड्यावर मला पावरी कळेना आणि तिथल्या बाईला माझं काही कळेना. दुभाष्याची सोय प्रकल्पात नव्हती. दिवसाला ठरलेले फॉर्म झाले नाहीत तर पैसे कापायचे. शेवटी सातवीतला एक मुलगा पुढे आला. आश्रमशाळेत शिकणारा, मराठी चांगली. ती बाई त्याची सख्खी काकू. आठ प्रश्न त्याने भराभर विचारले, मध्ये हसलाही. नववा प्रश्न आला. आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, असा विचार कधी मनात येतो का? मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, विचार. त्याने मान खाली घालून विचारलं. काकू बराच वेळ गप्प राहिली, मग काहीतरी एक शब्द बोलली. मुलगा मला म्हणाला, 'नाही म्हणते.'

ती नाही म्हणाली की तो नाही म्हणाला, हे मला आजतागायत माहीत नाही. मी शून्यावर बोट ठेवलं आणि फॉर्म पाठवला.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं तुम्ही माझ्यापेक्षा नीट वाचलेली असणार. आदिवासींमध्ये संशोधन करताना त्यांची बोली जाणणाऱ्यांच्या आणि समाजातल्या जाणत्यांच्या मदतीने संमती घ्यावी, असं त्यांत आहे. सातवीतलं पोर म्हणजे जाणता नव्हे. अंगठा उठवणाऱ्याच्या बाजूला निःपक्ष साक्षीदार हवा, असंही त्यांत आहे. आमच्या गाडीचा चालक दिवसभर साक्षीदार म्हणून सह्या करायचा. बिचारा सही सुंदर करायचा.

तिसरी गोष्ट, खरं दुःख आणि खरी भीती यांना लक्षण म्हणून मोजण्याची. झोप लागत नाही का? लागत नाही, कारण शेतीपंपाची वीज रात्रीची येते आणि पाणी द्यायला उठावं लागतं. भूक कमी झाली का? आषाढ-श्रावणात घरात धान्य कमी असतं, भुकेचं काय विचारता. हे मी शेऱ्यात लिहायची, पण शेऱ्याचा रकाना कुणी वाचत नाही असं पर्यवेक्षकच म्हणाले. त्याहून वाईट प्रश्न पुढच्या भागात होता. लोक आपल्यावर नजर ठेवून आहेत, आपल्याला इजा करतील, असं वाटतं का? हा प्रश्न मी साक्री तालुक्यात पालावर राहणाऱ्या एका भटक्या कुटुंबाला विचारला. १ जुलै २०१८ रोजी त्याच तालुक्यातल्या राईनपाडा गावात, मुलं पळवणारे समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती. आता पालावरच्या माणसाने या प्रश्नाला 'हो' म्हटलं, तर तो आजार मोजायचा की शहाणपण? टॅबमध्ये 'हो' म्हणजे एक गुण. मी तो दिला.

धुळ्यात यंत्रमागाच्या मोहल्ल्यांत असंच झालं, फक्त उलट बाजूने. ६ जानेवारी २०१३ ला दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. तिथे अनोळखी माणूस नाव, बापाचं नाव, घरात माणसं किती असं विचारत दारात उभा राहिला की दार अर्धंच उघडतं. मी मुसलमान असल्याने मला पाणी तरी मिळालं. माझ्याबरोबरच्यांच्या तोंडावर दारं लागली, आणि अहवालात त्या वस्तीपुढे लिहिलं गेलं, 'सहभागाबाबत उदासीनता'. उदासीनता नव्हती ती. त्या वस्तीत आठवडाभर आधी जाऊन मोहल्ल्यातल्या चार बायकांशी, मशिदीच्या लोकांशी, दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांशी बोलायची कुणी तसदीच घेतली नव्हती.

जळगावच्या सिंधी वस्तीत मी २०२५ च्या मे महिन्यात गेले. ऊन असं की टॅब तापून बंद पडायचा. फाळणीनंतर उघड्या हातांनी आलेल्या पिढीतले आता थोडेच उरलेत. पण सिंधमधून माणसं येणं नंतरही थांबलेलं नाही, आणि त्यांतली कितीतरी अजून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आहेत. एप्रिलमध्ये पहलगामचा हल्ला झाला, सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. दीर्घ मुदतीचे व्हिसा असलेल्या हिंदूंना त्यातून वगळलंय असं सांगितलं गेलं, तरी महिनाभर त्या घरांत कुणाला धड झोप नव्हती. एका आजोबांनी माझं संमतीपत्र हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. त्यांना वाचता येते ती अरबी लिपीतली सिंधी. मग विचारलं, 'बेटी, यह काग़ज़ किसके पास जाएगा?' मी म्हटलं, माहिती गोपनीय राहील. त्याच वेळी टॅबच्या कोपऱ्यात घराचं स्थान आपोआप नोंदलं जात होतं. चार पानी संमतीपत्रात त्याबद्दल एक ओळ होती, तिसऱ्या पानावर. मी ती वाचून दाखवली नाही. वेळ नव्हता.

इथे थोडं थांबून एक म्हणायचंय. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे सरकारी कागदावर खानदेशात निर्वासित कुणीच नाही. कुणी व्हिसाधारक, कुणी प्रकल्पग्रस्त, कुणी जंगलात अतिक्रमणधारक, कुणी 'बेघर भटके'. घर सुटलं हे सगळ्यांचं सारखंच. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. वसाहतीत एका म्हाताऱ्याला मी फॉर्मातला प्रश्न विचारला, गेल्या वर्षभरात आयुष्यात काही मोठा ताणाचा प्रसंग घडला का? तो नाही म्हणाला. पाणी येऊन तीस वर्षं झाली, तो कशाला हो म्हणेल? मग बाहेर येऊन त्याने मला अर्धा तास सांगितलं की पूर्वजांचे दगड खाली पाण्यात राहिले, आता होळीला नाव घ्यायचं ते कुठे बघून. हा अर्धा तास कुठल्याच रकान्यात बसला नाही.

चौथी गोष्ट पुढे उपचाराला पाठवण्याची. ज्यांच्या उत्तरांतून धोका दिसला त्यांना आम्ही एक छापील चिठ्ठी द्यायचो, जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा म्हणून. सातपुड्यातल्या पाड्यावरून जिल्ह्याला जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो, रोज बुडतो, भाडं जातं ते वेगळं. किती जण चिठ्ठी घेऊन पोचले हे प्रकल्पात कुणी मोजलं नाही, मी विचारलं होतं. मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायला सरकारचा १४४१६ हा टेलि-मानस क्रमांक २०२२ पासून आहे, फुकट आहे, तो चिठ्ठीवर छापलाही होता. पण फोन लावायला टेकडीवर चढावं लागतं तिथे मनातलं बोलायचं कसं, सगळ्या पाड्याच्या देखत?

आणि पाचवी. निष्कर्ष परत आलेच नाहीत. शहाद्याकडच्या एका भिल्ल बाईने मला बाजारात गाठून विचारलं, 'बाई, मना रिपोर्ट उना का?' तिला वाटलं होतं, रक्त तपासतात तसं काहीतरी तपासलंय आणि कागद येईल. कागद आला, पण तिच्याकडे नाही. एका परिषदेत इंग्रजी फलक लागला, त्यावर तिच्याच पाड्याचा फोटो होता. मला तो कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवला. फोटो छान होता.

तुमची बाजू मला कळत नाही असं समजू नका. चाचणीत माणूस मध्येच गळाला तर आकडेमोड कोसळते. प्रत्येक बोलीत साहित्य करायला पैसा आणि वेळ लागतो. निधी देणारे तारखेवर बसलेले असतात. बारा महिन्यांची अट कुणी दुष्टपणे घातलेली नाही, सोयीने घातली आहे. पण सोय तुमची आणि तोटा आमचा, असं किती दिवस चालायचं? शिवाय उद्या निकाल आला की 'खानदेशात हे समुपदेशन लागू पडतं' असं छापून येईल, आणि त्यात खानदेशातली ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती ती माणसं नसतील. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यं होती, महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्या सर्वेक्षणात देशभर उपचाराविना राहणाऱ्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के निघालं. नंदुरबारसारख्या जिल्ह्याचं, जिथे २०११ च्या जनगणनेत ६९ टक्क्यांहून जास्त लोक आदिवासी आहेत, वेगळं चित्र काय असेल हे सांगणारं काम फार थोडं आहे. म्हणून तर तुमच्या प्रकल्पाकडून आशा होती.

आणि अवघड वस्तीत हे जमत नाही असंही नाही. विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, गावातलेच कार्यकर्ते तयार करून काम झालं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. गोव्यात डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी दिलेल्या उपचाराचा गुण आल्याचं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. माझ्या शेंगा फोडणाऱ्या म्हातारीचं मला नवल वाटत नाही ते यामुळेच.

स्थलांतराचंही उत्तर आहे, तुम्ही पाड्यावर विचारलं असतंत तर मिळालं असतं. दिवाळीनंतर टोळ्या गुजरातेत ऊसतोडीला जातात. कोण कुठल्या पडावावर आहे याची यादी मुकादमाकडे असते, कारण त्याने उचल दिलेली असते. आणि होळीला माणूस घरी येतोच. सातपुड्यात होळीला न येणारा माणूस म्हणजे एकतर मेलेला नाहीतर तुरुंगात. तुमच्या फेरमोजणीच्या तारखा तीन, सहा, बारा महिने अशा न ठेवता दिवाळी आणि होळी अशा ठेवा, गळती किती कमी होते ते पाहा. हे सांगायला पीएचडी लागत नाही.

माझ्या मागण्या अशा.

तिन्ही अटी काढा. ज्यांना मराठी-हिंदी येत नाही त्यांना वगळायचं असेल, तर त्याचं शास्त्रीय कारण लेखी द्या. खर्च हे शास्त्रीय कारण होत नाही. दुर्बल घटकांनाही संशोधनात सामील होण्याचा सारखाच हक्क आहे, म्हणजे त्याचा लाभ त्यांच्यापर्यंत पोचेल, हे त्याच २०१७ च्या तत्त्वांत आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १८ मध्ये उपचार मिळण्याच्या हक्कात धर्म, जात, संस्कृती, वर्ग यांवरून भेदभाव नको असं म्हटलंय. तुमचा प्रकल्प म्हणजे सरकारी सेवा नव्हे, हे मान्य. पण आमच्या भागात बऱ्याच जणांना पहिला उपचार तुमच्याकडूनच मिळणार आहे.

चाचणी सुरू करण्याआधी तीन महिने फक्त शब्दांसाठी द्या. पावरी, भिली, अहिराणी, तडवी बोली, बंजारा, सिंधी, दखनी उर्दू. प्रत्येकीत दहा-बारा बायका-पुरुषांना बसवून विचारा की मनाला त्रास झाला तर तुम्ही काय म्हणता, कुणाकडे जाता, बरं वाटलं हे कशावरून ओळखता. त्यातून प्रश्न घडवा. भगत आणि दर्ग्याचे मुजावर यांनाही बोलवा. लोक आधी त्यांच्याकडेच जातात, आणि त्यांना बाजूला ठेवून तुम्ही बैठका घेतल्यात तर लोक तुमच्यापासून लपवून तिकडे जातील.

दुभाष्ये मोठ्या वयाचे, प्रशिक्षित आणि पगारी हवेत. नात्यातला माणूस नको, मूल तर मुळीच नको.

प्रकल्पाचा एक सल्लागार गट करा आणि त्यात निम्म्याहून जास्त माणसं ज्यांच्यावर संशोधन होतंय त्यांच्यातली घ्या. नुसतं चहाला बोलवू नका. अटी, प्रश्न, तारखा यांवर त्यांचं मत बांधील ठेवा आणि येण्याचं भाडं, बुडालेला रोज द्या. तुमच्या समितीत ७ ते १५ सदस्य असतात, त्यांत एक सामान्य नागरिक असतो. तो सामान्य नागरिक आजवर कधी सातपुडा चढलाय का, हे मला खरोखरच जाणून घ्यायचंय.

'नेहमीची सेवा' हा शब्द पाड्यासाठी वापरू नका. तिथे नेहमीची सेवा म्हणजे काहीच नाही. ज्या गटाला आधी समुपदेशन मिळणार नाही, त्याला चाचणी संपल्यावर ते नक्की मिळेल, असं संमतीपत्रातच लिहा. धोका दिसलेल्या माणसाला चिठ्ठी नको, सोबत द्या, आणि तो पोचला का ते मोजा.

घराचं स्थान नोंदवणं बंद करा. आधी नोंदलेलं पुसा आणि पुसल्याचं लोकांना कळवा, सिंधी वस्तीत आणि धुळ्यात सगळ्यात आधी.

पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष प्रत्येक गावात, त्या गावच्या बोलीत, तोंडी सांगा. ग्रामसभेत सांगा, मोहल्ल्यात सांगा, वसाहतीत सांगा. फलकावरचा फोटो त्या पाड्याला द्या.

आणि धडगावकडच्या त्या काकूकडे कुणीतरी जा. फॉर्मचा क्रमांक माझ्या वहीत आहे. पावरी बोलणारी बाई बरोबर घ्या. मीही येईन, पण मी बाहेर बसेन.

उत्तर लेखी द्या, मराठीत. ते मी वहीतल्या गावांत जाऊन वाचून दाखवणार आहे, जिथे मला बोली येत नाही तिथे येणारीला बरोबर घेऊन. दिवाळीनंतर टोळ्या निघतात. त्याआधी उत्तर आलं तर ऐकायला माणसं असतील. नंतर आलं तर पाड्यावर म्हातारी माणसं, शेळ्या आणि कडी घातलेली दारं.

आपली,
पहिल्या टप्प्यातली एक सर्वेक्षक
यावल तालुका, पोळ्यानंतरचा सोमवार